शेरा

तीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
दुसऱ्यांच्या फायलींवर मी हिरव्या शाईनं लिहीत आलो:
खुलासा समाधानकारक नाही.
व्हाउचर जोडलेले नाही.
आता रविवारी पहाटे साडेपाचला
मेडिकल चौकातल्या टपरीपाशी उभा असतो,
बगलेत लांबट वही.
तारीख, ठिकाण, पक्षी, संख्या, निरीक्षक,
आणि शेवटचा रकाना, निव्वळ सवयीनं आखलेला.

निकहत रात्रपाळी उरकून थेट मेयोतून येते,
बाह्यांना डेटॉलचा वास.
दुर्बीण लावली की म्हणते, अंकल, आत्ता कुठं डोळे उघडले.
गिरीपुंजे सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
लहानपणी पाचपावलीत बापाच्या मागावर
त्यांनी ताण्याचे धागे मोजलेत,
थवा उडाला तरी आकडा चुकायचा नाही.
हल्ली ते डोळे मिटतात
आणि पंखांचा आवाज मोजतात.
मी तो आकडा लिहितो,
पण पेन्सिलीनं.

उमरेड रस्ता सोडून आत वळलं की तलाव.
जानेवारी. पळसाच्या कळ्या अजून काळ्या मखमलीत.
आम्ही आल्याची बोंब
टिटवीनं गावभर केलेली.

प्रज्वलनं कॅमेरा लावला. मोठ्या लालसऱ्या:
परवाच्या साली तीनशे,
गेल्या साली एकशे चाळीस,
आज अकरा.
पुन्हा मोजल्या. अकराच.
सर म्हणाले, हवामान. निकहत म्हणाली, शिकार.
प्रज्वल म्हणाला, तिकडं उत्तरेतच काही झालं असंल.
मी लिहिलं: घट लक्षणीय. खुलासा मागवावा.
मग खोडलं.
कोणाकडून मागवायचा?

भागरताबाई मारबते डोंग्यातून जाळं ओढत होती.
पाण्यावर बोलणं लांब जातं, तिनं ऐकलं असावं.
"तुमी समदे आभायाकडं पाहून राहिले," ती म्हणाली,
"जरा खाली पाहा ना."
खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला
आणि मूठभर हिरवं, लिबलिबीत काहीतरी वर काढलं.
"हे चिऊल. हे पांज.
हेच त्या लाल डोक्यावाल्याचं जेवन.
ठेकेदारानं गवत्या मासा सोडला,
त्यानं चरून टाकलं सारं.
हे उरलं ते काठाकाठानं.
ताटात काई नाई तं पाहुना कायले थांबन?"

सरांनी ते झाड बोटांत धरलं,
सूत पाहावं तसं. पीळ, जाडी, ओल.
प्रज्वलनं पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं.
आमची सगळी पुस्तकं
पाण्याच्या वरच संपत होती.

"लिवा तुमी. मी सांगतो," भागरताबाई म्हणाली.
ऊन चढेस्तोवर सांगत राहिली.
कशाच्या मुळाशी मरळ अंडी घालते,
देवधान पिकलं की कोण येतं, कोण जातं,
कोणत्या झाडाला हात लावायचा नाही पोटुशीनं.
नऊ नावं झाली.
दोन तिला काही केल्या आठवेनात.
"दहा साल झाले, दिसलेच नाई ते.
झाड नाई तं नाव कुठी राहते जिभेवर!"
मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या.
उभ्या नोकरीत कोरी ओळ सोडली नव्हती कधी,
कोरी दिसली की आडवी रेघ मारून बंद करायचा नियम आहे.

निरीक्षक या रकान्यात तिचं नाव लिहिलं, शाईनं.
सरांचा पेन्सिलीतला आकडाही गिरवला वरून.
कोणी पाहिलं नाही.

शेवटी जुनी खोड उफाळली: पुरावा?
पांजेची एक काडी तशीच ओली
वहीत दाबली.
ओल तीन पानं खाली उतरली,
गेल्या सालच्या एकशे चाळीसमधला शून्य
फुगून तळ्याएवढा झाला.
शेऱ्यात लिहिलं: व्हाउचर जोडले आहे.

सोमवारी वही उघडली तर घरभर गाळाचा वास.
बायको स्वयंपाकघरातून म्हणाली,
"काय मेलं त्या वहीत?"
मी म्हटलं, अजून नाही.
आणि खिडकी उघडली.